घर ना दार, देवळी बिऱ्हाड

"मास्तर, औंदा कुणाला?"

निवडणूक आली की हा प्रश्न आम्हांस चावडीपासून पिठाच्या गिरणीपर्यंत दहा ठिकाणी ऐकावा लागतो. पूर्वी लोक तो हसत विचारीत. विचारणाराचे स्वतःचे उत्तर ठरलेले असे. मास्तरांचे काय ते पाहावे, एवढीच त्यात गंमत. परंतु २०२४ साली, मे महिन्यातील लोकसभेच्या आणि नोव्हेंबरातील विधानसभेच्या वेळी, तोच प्रश्न लोकांनी खाली पाहून विचारला. नगरकडील आमच्या टापूत शेतकरी असो, सुतार असो, न्हावी असो, जो तो म्हणे की, आमचे असे कोणी राहिलेच नाही. घर ना दार, देवळी बिऱ्हाड अशी जी गत गावोगाव फिरणाऱ्या बैराग्याची, तीच बहुजन समाजातील मतदाराची झाली आहे. फरक एवढाच की बैरागी ती आपखुशीने पत्करतो.

आम्ही जिल्हा परिषदेच्या शाळेतील शिक्षक. अमक्यास मत द्या असे सांगण्यास नोकरीच्या नियमांनी आम्हांस मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. कारण मास्तराच्या हाती साऱ्या गावाची लेकरे असतात. तेव्हा या लेखात कोणत्याही पक्षाचा जयजयकार अगर शिमगा कोणी शोधू नये. पण मत कोणास द्यावे हे सांगणे निराळे, आणि मत द्यावयास निघालेल्या माणसाच्या मनाची जी दैना झाली आहे तिचे कारण शोधणे निराळे. दुसऱ्या गोष्टीस कोणत्याही नियमाची आडकाठी नाही.

२० नोव्हेंबर २०२४ रोजी आम्ही दुसऱ्या एका गावी मतदान केंद्रावर कामगिरीस होतो. दुपारी एक सत्तरी उलटलेली म्हातारी नातवाचा हात धरून आली. बोटास शाई लागली, आणि ती पुठ्ठ्याच्या आडोशामागे यंत्रापुढे उभी राहिली. बराच वेळ यंत्राचा आवाज येईना. मग तिने तेथूनच विचारले, "आरं लेकरा, ह्यातलं आपलं कोणतं?" केंद्रावरचे सारे लोक हसले. आम्ही हसलो नाही, आणि उत्तरही देऊ शकलो नाही; मतदान गुप्त, आणि आम्ही सरकारी माणूस. "आजी, तुमच्या मनाला येईल ते बटण दाबा," एवढेच बोललो. शेवटी एकदा आवाज झाला. बाहेर पडताना ती नातवाला म्हणाली, "दाबलं एक. आपलं होतं का नव्हतं, देव जाणे."

त्या म्हातारीच्या 'आपलं' या शब्दाने आमची झोप उडविली. आमच्या भागातील तिच्या वयाच्या बायकांच्या सासवांनी बैलजोडीवर शिक्का मारला; त्यांनी स्वतः गायवासरावर मारला, मग हातावर मारला, आणि १९९९ नंतर पुष्कळजणींनी घड्याळावर. शेजारच्या आळीतील सुतार-साळ्यांच्या पोरांनी १९९० नंतर धनुष्यबाण जवळ केला, कोणी कमळ जवळ केले. चिन्ह बदलले तरी आपण कोणाबरोबर चाललो आहो, हे ज्याचे त्याला ठाऊक असे. २०२४ साली घड्याळ एकाकडे राहिले आणि घड्याळाचा जुना धनी तुतारी वाजवणारा माणूस घेऊन आला. धनुष्यबाण एकाकडे गेला आणि दुसऱ्याने मशाल पेटविली. मे महिन्यातील निवडणुकीत सातारा मतदारसंघात तर पिपाणीचे चित्र घेतलेल्या एका अपक्षास मिळालेली मते हार-जितीच्या फरकाहून अधिक भरली. मतपत्रिकेवर त्या पिपाणीचेही नाव 'तुतारी' असेच छापले होते. ज्यांस अक्षर येत नाही त्यांच्यासाठी चिन्ह असते. ते चिन्हच दोन झाले, तर त्या माणसाने कोणाच्या तोंडाकडे पाहावे?

ही घरमोड कशी झाली, त्याचा हिशेब थोडक्यात मांडतो. ऑक्टोबर २०१९ मध्ये भारतीय जनता पक्ष व शिवसेना यांनी एकत्र मते मागितली, आणि काँग्रेस व राष्ट्रवादी यांनी त्यांच्याविरुद्ध मागितली. भाजपास १०५, शिवसेनेस ५६, राष्ट्रवादीस ५४ व काँग्रेसला ४४ जागा मिळाल्या. २३ नोव्हेंबरास सकाळी राष्ट्रवादीचे अजित पवार भाजपच्या देवेंद्र फडणविसांबरोबर शपथ घेऊन मोकळे झाले. ते सरकार चार दिवसही टिकले नाही. २८ नोव्हेंबरास शिवसेनेचे उद्धव ठाकरे काँग्रेस-राष्ट्रवादीला घेऊन मुख्यमंत्री झाले. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली आणि ३० तारखेस एकनाथ शिंदे भाजपच्या जोरावर मुख्यमंत्री झाले. २ जुलै २०२३ रोजी राष्ट्रवादी फुटली आणि अजित पवार त्याच सरकारात जाऊन बसले. म्हणजे पाच वर्षांत चारही पक्ष काल ज्याला शिव्या दिल्या त्याच्याच पंगतीस बसून आले. आम्ही एकदाच पेरले आणि एकाच शेतातून तीन पिके निघाली; त्यांतले पेरलेले कोणते, ते ज्याचे त्याला ठाऊक. पक्षांतर रोखणारा कायदा १९८५ पासून आहे. २००३ साली तो आवळलाही. पण जाळ्यात चिंगळ्या तेवढ्या सापडल्या, मोठे मासे जाळ्यासकट निघून गेले.

आता पोटाचे पाहू. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली. ती ४ मे २०२४ रोजी, ऐन मतदानाच्या हंगामात, उठविली, आणि उठविताना तिच्यावर ४० टक्के कर बसविला. त्याच वर्षी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये जाहीर झाला, आणि काढणीच्या दिवसांत बाजारात भाव त्याच्या खालीच राहिला. याच्याविरुद्ध बोलणारे पुष्कळ होते. पण बोलणारांची मागची कारकीर्द काढावी, तर तीतही कांदा अडविल्याच्या तारखा सापडतात. मग निवडणुकीत काय झाले? जुलै २०२४ पासून सरकारने बहिणींस दरमहा १,५०० रुपये देण्यास आरंभ केला. निवडणुकीत एका बाजूने २,१०० चा आकडा पुकारला, दुसऱ्या बाजूने ३,००० चा. आमच्या आयाबहिणींच्या हाती चार पैसे आले याचे आम्हांस दुःख नाही; ज्या घरात बाईच्या हाती कधी पैसा राहिला नाही, त्या घरात ते मोलाचेच आहेत. पण बाजार समितीत आमच्या मालाचा लिलाव होतो हे ठाऊक होते. आमच्या मताचाही असा चढत्या बोलीने लिलाव होईल हे ठाऊक नव्हते.

लोकसभेच्या मतदानात सत्तेवरील युतीस ४८ पैकी १७ जागा मिळाल्या, आणि सहा महिन्यांत त्याच मतदारांनी तिच्या तीन पक्षांस मिळून २८८ पैकी २३० जागा दिल्या. शहरातील शहाणे लोक यावरून म्हणतात की, खेड्यातला मतदार चंचल आहे. आम्हांस तसे वाटत नाही. ज्याला घर आहे तो रात्री घरी जातो. ज्याला घर नाही तो पाऊस आला की जवळच्या वळचणीस उभा राहतो, आणि दुसरा पाऊस आला की दुसऱ्या वळचणीस. त्याला चंचल म्हणणे सोपे आहे.

कोणी म्हणेल, कोणीच आपले नाही तर मत देऊ नये, किंवा 'वरीलपैकी कोणीही नाही' हे बटण दाबून मोकळे व्हावे. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ते बटण आले. वाचकांपासून काय लपवावे? २०१९ साली आम्ही ते दाबले होते, आणि त्या रात्री मोठ्या समाधानाने झोपलो होतो. त्याच वर्षी लातूर ग्रामीण मतदारसंघात त्या बटणास २७ हजारांवर मते पडून ते दुसऱ्या क्रमांकास आले. परंतु विधानसभेच्या निवडणुकीत त्या बटणाची मते कितीही झाली तरी त्यांची किंमत शून्य. उमेदवारांत ज्याची मते अधिक तोच निवडून येतो, आणि पुढची पाच वर्षे तोच आमच्या नावाने बोलतो. पंचाईत मांडणारा घरात रुसून बसला म्हणून पंचायत उठत नाही. ती त्याच्यावाचून निकाल देऊन मोकळी होते. आमच्या आज्या-पणज्यांना मताचा हक्क नव्हता. इंग्रजी अमलात तो बहुतेक शेतसारा आणि कर भरणारांपुरता होता. ज्याला जमीन नाही त्या लोहार-कुंभाराला, महार-मांगाला, बायामाणसांना तो सरसकट मिळाला तो १९५१-५२ च्या निवडणुकीत. इतक्या उशिरा हाती आलेली वस्तू रागाच्या भरात चुलीत घालणे शहाणपणाचे नव्हे, हे आम्हांस उशिरा कळले.

म्हणून २०२४ साली कामगिरीवर जाण्यापूर्वी टपाली मतपत्रिका हाती आली, तेव्हा आम्ही कोरी परत केली नाही. मागे सहकाऱ्यांची रांग होती. कागदावरील एकेका नावापुढे पेन नेले आणि मागे घेतले. लहानपणी वडिलांबरोबर मतदानास गेलो असता ते आत जाऊन अर्ध्या मिनिटात बाहेर येत, आणि लग्नघरी जेवून आल्यासारखे प्रसन्न दिसत, ते आठवले. आम्ही खूण केली, लिफाफा चिकटविला आणि बाहेर आलो. प्रसन्नता मात्र काही वाटली नाही. तेव्हापासून हा विचार मनात घोळतो आहे की, वडिलांचे ते घर गेले कोठे? आणि त्याहूनही, पक्ष हे आपल्या लोकांचे घर खरोखर कधी होते काय?

आपल्या चळवळीचाच इतिहास पाहू. २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज स्थापिला, तो मते मागण्यासाठी नव्हे. तेव्हा शेतकऱ्याला मतच नव्हते. भटजीवाचून लग्न लावता येते, शूद्राच्या पोराला अक्षर येते, आणि मुलीला शाळेत पाठविले म्हणून आभाळ कोसळत नाही, हे करून दाखविण्यासाठी तो होता. १९१९ च्या सुधारणा कायद्याने मुंबई कौन्सिलात मराठा व तत्सम जातींसाठी ७ जागा राखीव झाल्या, आणि ब्राह्मणेतर पक्ष उभा राहिला. भास्करराव जाधव मंत्री झाले. पक्षाने लोकांस बोलावयास शिकविले, हे त्याचे ऋण मोठे आहे. पण पुढे काय झाले? १९३० नंतर केशवराव जेधे आपले पुष्कळ सोबती घेऊन काँग्रेसमध्ये गेले. डिसेंबर १९३६ मध्ये खानदेशातील फैजपूर या खेड्यात काँग्रेसचे अधिवेशन भरले, आणि १९३७ च्या निवडणुकीत ब्राह्मणेतर पक्ष जवळजवळ नाहीसा झाला. त्याच वेळी डॉ. आंबेडकरांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढून कोकणातील खोतांच्या कुळांस निराळी वाट दाखविली. १९३८ साली जेधे महाराष्ट्र प्रांतिक काँग्रेसचे अध्यक्ष झाले; १९४८ च्या सुमारास त्यांनी काँग्रेस सोडली व ते शंकरराव मोऱ्यांबरोबर शेतकरी कामगार पक्षात राहिले; १९५४ साली ते पुन्हा काँग्रेसमध्ये परतले.

आम्ही जेध्यांस दोष देत नाही. त्यांनी पदरचे घालविले, तुरुंग भोगला. पण त्यांच्या मागून चाललेल्या साध्या शेतकऱ्याची कल्पना करा. पंचवीस वर्षांत त्याला तीन वेळा बिऱ्हाड हलवावे लागले, आणि प्रत्येक वेळी हेच तुझे कायमचे घर, असे त्याला सांगण्यात आले. म्हणजे आजची ही बेघरपणाची भावना नवी नव्हे. आपल्या आजोबा-पणजोबांनीही ती सोसली आहे.

मग त्या काळातील टिकले काय? शाहू महाराजांनी १९०१ सालापासून कोल्हापुरात काढलेली वसतिगृहे टिकली. १९१९ साली काले या गावी भाऊराव पाटलांनी सुरू केलेली रयत शिक्षण संस्था टिकली. तिच्या वसतिगृहांत कुणब्याचे, लोहाराचे व अस्पृश्य म्हटलेल्या घरचे पोर एका पंगतीस जेवले. आमच्याच जिल्ह्यातील तरवडीसारख्या आडगावी बसून मुकुंदराव पाटलांनी 'दीनमित्र' चालविला, तो १९६७ पर्यंत चालला. पक्ष आले, मोडले, मिळाले, फुटले. कुणबी आणि कारागीर यांना एका पंगतीस बसविणाऱ्या ज्या वस्तू होत्या, त्या मात्र पक्षांहून अधिक जगल्या. आमच्या मते आपले घर होते ते हेच: नांगर धरणारा आणि नांगर घडविणारा यांचा एकोपा. पक्ष हा त्या घराला केलेला मांडव. मांडव वाऱ्याने उडतो, कोणी चोरून नेतो. घर शाबूत असेल तर दुसरा घालता येतो.

आणि येथेच, वाचकहो, आमचे खरे दुखणे आहे. पक्ष फुटले याचे आम्हांस इतके वाटत नाही. ते घरच तडकले आहे.

२०२१ सालची गोष्ट घ्या. ४ मार्च रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने स्थानिक संस्थांतील इतर मागासवर्गाचे आरक्षण अडले, आणि ५ मे रोजी त्याच न्यायालयाने मराठा आरक्षणाचा कायदा रद्द केला. दोन महिन्यांच्या अंतराने कारागिराच्या दारालाही कडी लागली आणि कुणब्याच्या दारालाही. दोघेही एकाच दिवसात रडले असते तर कदाचित एकमेकांचे डोळे पुसले असते. झाले उलटे. आपले दार दुसऱ्यामुळे बंद झाले, असे दोघांसही सांगण्यात आले. इतर मागासवर्गाचे आरक्षण जुलै २०२२ मध्ये परत मिळाले. पण तोवर पुष्कळ जिल्हा परिषदांच्या मुदती संपून तेथे प्रशासक बसले, आणि पुढे काही वर्षे निवडणुकाच झाल्या नाहीत. सप्टेंबर २०२३ मध्ये अंतरवाली सराटीस लाठ्या चालल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये मराठ्यांसाठी १० टक्क्यांचा नवा कायदा झाला, आणि त्याच वर्षी दुसऱ्या बाजूचीही उपोषणे झाली.

दोघांचेही गाऱ्हाणे खरे आहे. महाराष्ट्रात १९७०-७१ साली सरासरी शेतजमीन ४.२८ हेक्टर होती. २०१५-१६ च्या गणनेत ती १.३४ हेक्टरवर आली. पाटील म्हणवून घेणाराच्या पोरालाही दीड एकरावर बायको मिळेना, नोकरी मिळेना. तो आरक्षण मागतो ते माजाने नव्हे. आणि ज्या सुताराचा रंधा कारखान्याच्या कपाटाने थंड केला, ज्या कुंभाराचा माठ फ्रीजने फोडला, ज्याच्याजवळ सात-बाराचा उतारा कधी नव्हताच, त्याला पंचायतीतील राखीव जागा हीच काय ती इस्टेट. ती जाईल म्हणून तो भितो, तेही द्वेषाने नव्हे. दोन उपाशी माणसे एका भाकरीवर भांडतात, आणि भाकरी एकच का, हे विचारावयास कोणी उरत नाही.

याचा परिणाम आम्ही आमच्या वर्गात पाहिला. चौथीच्या वर्गात एका बाकावर बसणारी दोन पोरे होती, एक शेतकऱ्याचे, एक लोहाराचे. पाढे एकाला पाठ, चित्रकला दुसऱ्याला. दोघे मिळून एक पुरा विद्यार्थी होई. एका सोमवारी लोहाराचे पोर मागच्या बाकावर जाऊन बसले. विचारले तर म्हणाले, "बापानं सांगितलंय." शेतकऱ्याच्या पोराला विचारले तर त्याचेही तेच उत्तर. त्याच सुमारास त्या शेतकऱ्याने फाळ शेवटायला गावचा भाता सोडून तीन कोसांवरच्या गावी नेला. तीन पिढ्यांचा खळ्यावरचा व्यवहार असा तुटला. आम्ही त्या दोन्ही घरी गेलो. दोन्हीकडे चहा मिळाला, आणि दोन्हीकडे दुसऱ्याची निंदा ऐकावी लागली. परत येताना वाटले की, आम्ही वीस वर्षे फळ्यावर फुले-शाहूंची नावे लिहिली, त्याचे फळ हे काय?

अशा तडकलेल्या घरात उमेदवाराचे काम फार सोपे होते. तो सकाळी एका आळीत जातो आणि म्हणतो, तुमचे जाऊ देणार नाही. सायंकाळी दुसऱ्या आळीत जातो आणि म्हणतो, तुम्हांस मिळवून देईन. दोन्ही आळ्या एकमेकींशी बोलत नाहीत, म्हणून त्याची दोन तोंडे कोणास दिसत नाहीत. आमच्या डोळ्यांदेखत सर्व पक्षांच्या माणसांनी हे केले. ४ नोव्हेंबर २०२४ रोजी मराठा आंदोलनाच्या पुढाऱ्यांनी आपण उमेदवार उभे करणार नाही असे जाहीर केले, तेव्हा त्यांच्याकडे डोळे लावून बसलेली आमच्या गावची पोरे पारावर सुन्न बसून होती. आणि लोहार आळीतील पोरे त्यांना हसली नाहीत. कारण त्यांनाही जायला दुसरे घर नव्हते.

तर मग करावे काय? आम्ही काही पुढारी नव्हे. खेड्यातील व्यवहारच आम्हांस ठाऊक. पाडव्याला सालगडी ठरविताना शेतकरी काय करतो? मागे कोणाकडे होतास, का सोडलेस, कोणते काम येते, साल किती घेशील, हे चार माणसांसमोर विचारतो. त्याच्या कष्टाचा मान राखतो, पण त्याला जावई म्हणून मिरवीत नाही. सालाअखेर हिशेब होतो. पटले तर पुढचे साल, नाही तर रामराम. गडीही मालक नीट वागला नाही तर दुसरीकडे जातो. या व्यवहारात कोणास बेघर झाल्यासारखे वाटत नाही, कारण कोणी घर मागितलेलेच नसते. उमेदवारास आम्ही मात्र गाडीवरून फुले उधळून, जेसीबीने हार घालून जावई करतो, आणि तो पळून गेला की सासऱ्यासारखे कपाळ बडवितो.

तेव्हा पुढची निवडणूक ग्रामपंचायतीची असो की लोकसभेची, आधी दोन्ही आळ्यांनी एका ओट्यावर बसावे आणि आपले सवाल एकाच कागदावर लिहावेत. कांद्याची निर्यात बंद झाली तेव्हा तुम्ही कोठे होता आणि काय बोललात? हमीभावाखाली खरेदी होते तेव्हा तुमच्या बाजार समितीतील माणसे काय करतात? सप्टेंबर २०२३ मध्ये १८ धंद्यांच्या कारागिरांसाठी विश्वकर्मा योजना निघाली, ५ टक्के व्याजाने कर्ज मिळेल असे सांगितले. आमच्या लोहार-कुंभारांपैकी किती जणांस ते मिळाले आणि राहिलेल्यांचे कोठे अडले? २०२३ साली २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करण्याचा विचार सरकारने मांडला. वाडीवरची शाळा गेली तर पहिलीची पोरगी ओढा ओलांडून जाणार कशी? आणि शेवटचा सवाल आरक्षणाचा. तो दोन्ही आळ्यांच्या देखत विचारावा. उमेदवार काय उत्तर देतो यापेक्षा तेच उत्तर तो दोघांसमोर देतो काय, हे पाहावे. जो देईल, तो आपल्या मनासारखे बोलला नाही तरी निदान एका तोंडाचा माणूस आहे, एवढे कळेल. या बाजारात तेही थोडके नव्हे.

हे सारे पुस्तकी आहे असे कोणी म्हणेल, म्हणून पाहिलेली गोष्ट सांगतो. त्या नोव्हेंबरात प्रचाराच्या शेवटच्या दिवसांत एक उमेदवार आमच्या पारावर आले. भाषण संपल्यावर वर सांगितलेला शेतकरी उठला आणि आरक्षणाचे काय म्हणून विचारू लागला. दुसऱ्या टोकाला तो लोहार उभा होता, तोही पुढे आला आणि म्हणाला, "आमच्या दोघांम्होरं सांगा." उमेदवारांनी घड्याळ पाहिले, "पुढच्या गावी उशीर होतोय, निवांत बसून बोलू," म्हणाले, आणि गाडीत बसले. धुरळा खाली बसला तेव्हा ते दोघे समोरासमोर उभे होते. वर्षभर त्यांनी एकमेकांस रामराम घातला नव्हता. शेतकरी म्हणाला, "बघितलंस का?" लोहार म्हणाला, "बघितलं की." आणि दोघेही हसले. त्यांनी मते कोणास दिली ते आम्हांस ठाऊक नाही. फाळ मात्र पुढच्या पेरणीस गावच्याच भात्यावर आला, आणि ती दोन पोरे पुन्हा एका बाकावर बसू लागली.

बंधूंनो आणि मायबहिणींनो, यंत्रावर आपले असे चिन्ह सापडत नाही म्हणून खंत करू नका, आणि मत टाकण्याचेही टाळू नका. जे त्यातल्या त्यात बरे, त्याला एका सालाचा गडी समजून मत द्या, आणि हिशेब लिहून ठेवा. घर मात्र तेथे शोधू नका. ते आपल्या दोन आळ्यांच्या मधल्या वाटेवर आहे, आणि तिच्यावर गवत वाढले आहे. आधी ती वाट मोकळी करू. मग पुन्हा कोणा आजीने यंत्रापुढे उभे राहून "आपलं कोणतं?" म्हणून विचारले, तर तिचे उत्तर तिला घरूनच ठाऊक असेल.

— एक खेड्यातील शिक्षक